विमान पाहण्याची मनाई कशासाठी?

जुन्नर तालुक्याच्या पूर्व सीमेवरील आणे पठारावरून विमान दिसते ते आभाळात उमटणाऱ्या पांढऱ्या रेघेच्या रूपाने. कल्याण-नगर मार्गावरील हे गाव रंगदास स्वामींच्या यात्रेतील आमटी-भाकरीसाठी पंचक्रोशीबाहेरही प्रसिद्ध आहे. पाण्याच्या दुर्भिक्षासाठी त्याहून अधिक. या पठारावरील एखाद्या शाळकरी मुलाला ती रेघ ओढणारे यंत्र जवळून पाहावेसे वाटले, तर त्याने जावे कोठे? प्रश्न वरवर पाहता पोरकट वाटेल. परंतु २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून वाहतूक सुरू झाली आहे, आणि पुरंदरच्या नियोजित विमानतळासाठी सात गावांतील जमिनी घेण्याचे काम शासनाने हाती घेतले आहे. महाराष्ट्रात एकामागून एक विमानतळ उभे राहत असताना, ज्याच्या खिशात तिकीट नाही अशा माणसाचे या विमानतळांशी नाते काय, याचा विचार कोणी तरी करावयास हवा.

आण्याच्या मुलापुढील पर्याय मोजके आहेत. लोहगावचा विमानतळ हा मुळात हवाई दलाचा तळ; तेथे नागरी प्रवासी हा पाहुणा आहे. ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा लढाऊ विमानांचा कारखाना असल्याने तेथील बंदोबस्त ओघानेच आला. शिर्डीजवळ काकडी येथील विमानतळ १ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झाला, तो साईभक्तांच्या सोयीसाठी. या तिन्हींची रचना सैनिक व प्रवासी यांना समोर ठेवून झालेली आहे. नुसते पाहावयास येणाऱ्याचा विचार तीत नाही. मुंबईस जावे, तर जरीमरीच्या टेकडीवरील वस्तीतून विमाने डोक्यावरून उतरताना दिसतात आणि कॅमेरे घेतलेले हौशी तरुण तेथे वर्षानुवर्षे जात आले आहेत. तथापि तेथे उभे राहणे म्हणजे कोणाच्या तरी घराच्या दारात, कोणाच्या तरी मर्जीवर उभे राहणे होय. पोलिसाने हटकले तर ‘विमान पाहतो आहे’ हे उत्तर पुरेसे ठरेल, याची शाश्वती नाही.

हे नेहमीच असे नव्हते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन आपले चिमुकले ‘पस मॉथ’ विमान जुहूच्या मैदानावर उतरविले, तेव्हा भारतीय विमानवाहतुकीचा प्रारंभ उघड्या मैदानावर झाला. पन्नास वर्षांनी, १९८२ साली, त्यांनी वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्याच मार्गाने पुन्हा उड्डाण केले, त्याचेही कौतुक लोकांनी डोळे भरून पाहिले. पुढे सांताक्रूझच्या विमानतळावर आप्तेष्टांना निरोप देणाऱ्यांसाठी सज्जा होता आणि केवळ विमाने पाहण्यासाठी मुलांना घेऊन तेथे जाणारी मध्यमवर्गीय कुटुंबे थोडी नव्हती. जानेवारी १९७१ मध्ये ‘गंगा’ विमानाचे अपहरण झाले, १९८५ साली ‘कनिष्क’ समुद्रावर कोसळविण्यात आले, डिसेंबर १९९९ मध्ये कंदाहार घडले. फेब्रुवारी २००० पासून विमानतळांचा बंदोबस्त टप्प्याटप्प्याने केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे गेला. ही कडक व्यवस्था उगाच आली, असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. प्रश्न आहे तो, सज्जे बंद करताना त्यांच्या जागी दुसरे काही द्यावे, असे कोणालाच का वाटले नाही हा.

कायद्याकडे पाहिले तर गोंधळ अधिकच ध्यानात येतो. १९३७ च्या विमान नियमांतील तेराव्या नियमान्वये सरकारी विमानतळावर अथवा उडत्या विमानातून लेखी परवानगीवाचून छायाचित्र घेण्यास मनाई करण्यात आली. छायाचित्रणासाठी तिपाई, काचा आणि काळे कापड लागावे, अशा काळातला हा नियम. २००४ साली प्रवाशांना विमानातून चित्रे घेण्याची सवलत देण्यात आली. २०२० मध्ये एका अभिनेत्रीच्या प्रवासात वार्ताहरांनी गोंधळ घातला, तेव्हा हाच नियम पुन्हा बाहेर काढण्यात आला आणि मग त्याचा खुलासा करावा लागला. मे २०२५ मधील भारत-पाक संघर्षानंतर पश्चिम सीमेजवळील लष्करी तळांवरून ये-जा करणाऱ्या नागरी विमानांच्या खिडक्यांचे पडदे ओढून घेण्याचा आदेश निघाला. युद्धप्रसंगी तो समजण्याजोगा होता. परंतु विमानतळाच्या कुंपणाबाहेर, सार्वजनिक रस्त्यावर उभे राहून विमान पाहणे अथवा त्याचे चित्र घेणे यासंबंधी सामान्य माणसाला समजेल असे स्पष्ट मार्गदर्शन कोठे आहे? जेथे नियम मुका असतो तेथे शिपायाची लहर बोलू लागते. आणि ती लहर मोटारीतून आलेल्या साहेबापेक्षा पायी आलेल्या खेड्यातील पोरावर अधिक चालते, हे सांगावयास नको.

या मौनाचे परिणाम परदेशी पाहुण्यांनीही भोगले आहेत. फेब्रुवारी २०१० मध्ये दोन ब्रिटिश प्रवाशांनी दिल्लीच्या विमानतळालगतच्या एका हॉटेलात धावपट्टी दिसेल अशी खोली घेतली. त्यांच्याजवळ दुर्बिणी, कॅमेरे व विमानांचे संदेश ऐकण्याचे यंत्र होते. हॉटेलातून पोलिसांना वर्दी गेली आणि विमाने ओळखणे व त्यांचे नोंदणी-क्रमांक टिपणे एवढाच ज्यांचा छंद, त्या गृहस्थांना हेर ठरण्याची पाळी आली. १८८५ च्या तार कायद्याखाली दंड भरून ते मायदेशी परतले तोवर एप्रिल उजाडला होता. ग्रीसने याहून मोठे हसे करून घेतले आहे. नोव्हेंबर २००१ मध्ये कालामाता येथील हवाई तळावर बारा ब्रिटिश व दोन डच छंदिष्टांना पकडण्यात आले, एप्रिल २००२ मध्ये त्यांना शिक्षा झाली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात वरिष्ठ न्यायालयाने सर्वांना निर्दोष सोडले. वहीत आकडे लिहिणाऱ्या माणसाला काय म्हणावे, हे त्या पोलिसांना वर्षभर उमगले नव्हते.

वस्तुतः हा छंद सुरक्षेच्या गरजेतूनच फोफावला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या किनाऱ्यावर शत्रूची व आपली विमाने दुरून ओळखणाऱ्या नागरिकांची फळी उभी करण्यात आली, आणि त्यांच्यासाठी १९४१ साली ‘द एरोप्लेन स्पॉटर’ नावाचे नियतकालिकही निघाले. तीच परंपरा पुढे शांततेच्या काळात टिकली. ब्रिटन, कॅनडा व अमेरिकेतील काही विमानतळांवर पोलिसांनीच छंदिष्टांची नोंद करून त्यांना ओळखपत्रे दिली आहेत. कुंपणाशी रोज तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या माणसाला तेथे नवे काय आले, हे पहारेकऱ्याच्या आधी कळते, असा त्यांचा साधा हिशेब. या माणसांच्या वह्या सत्ताधाऱ्यांना अडचणीच्याही ठरतात. स्पेनच्या मायोर्का बेटावरील छंदिष्टांनी २००४ च्या सुमारास टिपलेल्या क्रमांकांवरून अमेरिकेच्या गुप्तहेर संघटनेच्या कैदी-वाहतुकीचा माग पत्रकारांना लागला. ज्यांना लपवावयाचे असते त्यांना असे निरीक्षक खुपतात, यात नवल नाही.

आपल्या देशात याचे ताजे आणि अतिशय दुःखद उदाहरण आहे. १२ जून २०२५ रोजी एअर इंडियाचे लंडनला निघालेले विमान अहमदाबादेत कोसळले आणि विमानातील व जमिनीवरील मिळून २६० माणसे प्राणास मुकली. त्या विमानाचे अखेरचे क्षण जगाने पाहिले ते विमानतळाजवळच्या एका गच्चीवरून एका मुलाने केलेल्या चित्रणात. तो गावाकडून नुकताच शहरात आला होता. गावात उंचावरून जाणारी विमाने येथे इतकी खालून जातात, हे मित्रांना दाखवावे एवढाच त्याचा हेतू. आणे पठारावरील कोणत्याही मुलाने नेमके हेच केले असते. जगभरच्या जाणकारांनी ती दृश्ये पुनःपुन्हा न्याहाळली. विमान वर का चढले नाही, याची चर्चा त्यांवरून सुरू झाली. पोलिसांनी त्या मुलाचा जबाब घेतला, तेव्हा त्याला पकडल्याच्या अफवा उठल्या आणि त्याला अटक झालेली नाही, तो केवळ साक्षीदार आहे, असा खुलासा पोलिसांना करावा लागला. अशी अफवा लोकांना तात्काळ खरी वाटावी, यातच विमान पाहणाऱ्याकडे बघण्याची आपली सार्वजनिक दृष्टी दिसून येते.

शिवाय आज मनाई कशाची करावयाची, हाही प्रश्न आहे. कोणते विमान कोठून निघाले, किती उंचीवर आहे, किती वेगाने चालले आहे, हे हातातल्या फोनवर कोणालाही क्षणात दिसते. धावपट्ट्यांची उपग्रहावरून घेतलेली चित्रे जगभर फुकट मिळतात. घातपात करू इच्छिणाऱ्याला जरीमरीच्या टेकडीची गरज उरलेली नाही. ती गरज आहे टाटांच्या पहिल्या विमानाचा क्रमांक व्हीटी-एडीएन होता, हे ज्याला तोंडपाठ आहे, त्या निरुपद्रवी पोराला.

इतर देशांनी हे कधीच ओळखले आहे. टोकियोच्या हानेदा विमानतळावर इमारतीच्या माथ्यावरील गच्च्या सर्वांना विनामूल्य खुल्या आहेत. म्युनिकला विमानतळाच्या आवारात मुद्दाम टेकडी रचून तिच्या पायथ्याशी जुनी विमाने मांडून ठेवली आहेत. मँचेस्टरला धावपट्टीशेजारच्या उद्यानात निवृत्त ‘काँकॉर्ड’ उभे आहे आणि तेथील वाहनतळाच्या शुल्कातून उत्पन्नही होते. ज्या शहराने ११ सप्टेंबर २००१ रोजी विमानाचा आघात प्रत्यक्ष सोसला, त्या वॉशिंग्टनमध्येसुद्धा धावपट्टीच्या तोंडाशी असलेल्या ग्रॅव्हली पॉइंट उद्यानात लोक हिरवळीवर पहुडून विमाने पाहतात. गोव्यात दाबोळीजवळ बोगमाळो येथे नौदलाने १९९८ साली विमानसंग्रहालय उघडले आहे; सैन्यदलांना लोकांचे वावडे आहे, असे त्यामुळे म्हणता येत नाही. लोकांची उत्सुकता तर प्रत्येक हवाई कसरतींच्या वेळी दिसते. जानेवारी २०२४ मध्ये मरीन ड्राइव्हवर हवाई दलाच्या कसरती पाहण्यास मुंबईकर लोटले. त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर जमलेल्या अफाट गर्दीत उन्हाने व गैरसोयीने पाच जणांचा बळी घेतला. एरवी कोठेच काही पाहावयास मिळत नसले की एका दिवशी सारे लोक एकाच ठिकाणी धावतात.

विमानतळ-चालकांच्या अडचणी खोट्या नाहीत. माणसे जमली की खाद्यपदार्थांच्या गाड्या येतात, उष्टे-खरकटे साचते, त्यावर घारी घिरट्या घालू लागतात. आणि उतरत्या विमानाच्या इंजिनात घार शिरणे म्हणजे काय, हे वैमानिकच जाणे. विमानतळाच्या दहा किलोमीटर परिसरात उघड्यावर कचरा टाकण्यास व जनावरे कापण्यास नियमाने बंदी आहे, ती यासाठीच. आता ड्रोन व लेझरचे दिवे यांची भर पडली आहे. मुंबईसारख्या ठिकाणी जागेचा भावही विसरता येत नाही. परंतु नीट पाहिले तर यांतील बहुतेक अडचणी बेवारशी गर्दीच्या आहेत. कुंपण घातलेली, झडती घेणारी, खाण्यास बंदी असलेली, माफक तिकिटाची जागा असेल, तर रस्त्यावरील बेवारशी गर्दी तिच्याकडेच वळेल. लष्करी तळांना यातून खुशाल वगळावे. लोहगावचा हट्ट कोणी धरू नये.

अशा व्यवस्थेसाठी परदेशाकडेही पाहण्याची गरज नाही. आण्याच्या मुलाला तिचा नमुना त्याच्या तालुक्यातच सापडतो. नारायणगावजवळ खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बीण पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची आहे आणि ती इतकी नाजूक, की साध्या मोबाइलच्या लहरींचाही तिला उपद्रव होतो. लोकांना चार हात दूर ठेवण्यास या संस्थेइतके सबळ कारण क्वचितच कोणाकडे असेल. तरीही दर वर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या निमित्ताने ती आपले दार उघडते. परिसरातील शाळांची मुले प्रयोग मांडतात, अँटेना जवळून पाहतात, शास्त्रज्ञांना प्रश्न विचारतात. दुर्बिणीच्या कामाला त्याने धोका पोहोचला, असे संस्थेने कधी म्हटलेले नाही. तारे ऐकणाऱ्या यंत्राला जे जमते, ते प्रवासी वाहून नेणाऱ्या कंपनीला का जमू नये?

आणखी एक गोष्ट केवळ सोयीची नसून न्यायाची आहे. नवी मुंबईच्या विमानतळासाठी उलवे टेकडी कापण्यात आली, नदीचा प्रवाह वळविण्यात आला आणि दहा गावठाणांना उठावे लागले. दि. बा. पाटील यांच्या नावाचा आग्रह तेथील भूमिपुत्रांनी धरला तो उगाच नव्हे. पुरंदरला मे २०२५ मध्ये सर्वेक्षणाला विरोध करणाऱ्या ग्रामस्थांवर पोलिसांच्या लाठ्या चालल्या. या शेतकऱ्यांपैकी विमानात बसणारे किती निघतील? ज्यांच्या शेतात धावपट्टी होणार, त्यांनी तिच्याकडे भिंतीच्या फटीतून पाहावे आणि त्याबद्दल संशयितही ठरावे, ही रीत कोणत्या हिशेबात बसते? मोबदल्याचा वाद स्वतंत्र आहे आणि तो मोठा आहे. विमान पाहण्याच्या जागेने तो मिटेल, असे कोणी म्हणू नये.

पुरंदरची धावपट्टी अद्याप कागदावर आहे. तिच्या आराखड्यात कुंपणालगत चार-पाच एकरांचा उंचवटा, एसटीचा थांबा आणि शाळांच्या सहलींसाठी वेगळे दार यांची तरतूद करण्यास आज फारसा खर्च नाही. नवी मुंबईतील पुढचे टप्पे अजून बांधावयाचे आहेत, तेथेही हे शक्य आहे. केंद्रीय नागरी विमानवाहतूक खात्याने कुंपणाबाहेरील छायाचित्रणाविषयी दोन ओळींचे स्पष्ट परिपत्रक काढून ते प्रत्येक विमानतळाजवळच्या पोलीस ठाण्यात मराठीतून लावावे. आळेफाट्याहून माळशेज घाटमार्गे कल्याणकडे उतरणाऱ्या शाळेच्या गाडीला तेथून नवी मुंबई काही फार दूर राहत नाही. तिथे पोहोचल्यावर मुलांना उतरवावयाचे कोठे, एवढेच ठरावयाचे आहे.