दारातली गाडी आणि रस्त्यावरची गाडी

आजचे युग हे वेगाचे युग आहे, असे आपण शाळेपासून निबंधात लिहीत आलो आहोत. वेग म्हणजे प्रगती आणि प्रगती म्हणजे दारात उभी असलेली गाडी, हे समीकरण आता आमच्या खेड्यांनीही मान्य करून टाकले आहे. सोयरीक जुळवताना पूर्वी ‘मुलाला शेती किती?’ असे विचारीत; आता ‘गाडी कोणती?’ हेही विचारतात. ज्याच्याकडे मोटार तो मोठा, ज्याच्याकडे फटफटी तो बरा, आणि एस.टी.च्या थांब्यावर उभा राहणारा तो बिचारा! या बिचाऱ्यांपैकीच मी एक आहे आणि त्यांच्या बाजूने चार शब्द लिहावेत, म्हणून हा लेखनप्रपंच.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करते. स्वतःच्या वाहनाला माझा विरोध नाही. रात्री-बेरात्री घरात कोणाला साप चावला, तर सकाळच्या बसची वाट पाहा असे कोण म्हणेल? आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलखात गावे लांब लांब आहेत आणि मधे जंगल आहे. गडचिरोली शहरापर्यंत अजून रेल्वेही पोचलेली नाही. वडसा-गडचिरोली मार्गाचे काम चालू आहे. अशा ठिकाणी वाहन असणे ही चैन नव्हे. पण म्हणूनच विचारावेसे वाटते, की ही गाडी माणूस हौसेने घेतो की नाइलाजाने? शहरातल्या माणसाला ती सोय असते. आमच्याकडे पुष्कळदा ती बसची फेरी नसल्याचा दंड असते, आणि तो दंड शेतकऱ्याने हप्त्याहप्त्याने भरायचा असतो.

थोडा हिशेब करू. केंद्र सरकारने २०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये ठरवला. एक साधी मोटरसायकल आज ऐंशी-नव्वद हजारांच्या घरात जाते. म्हणजे सुमारे पस्तीस क्विंटल धान! सहा लाखांची मोटार म्हटली, तर अडीचशे क्विंटल. दोन-तीन एकर बांधी असलेल्या माणसाने फटफटी घ्यायची म्हणजे अख्ख्या हंगामाची रास शोरूमच्या दारात ओतायची. पेट्रोल, विमा आणि दुरुस्ती हे पुढे आहेच. हत्ती घेता येतो, चारा परवडत नाही!

आमच्याही घरी हप्त्यावर घेतलेली फटफटी आहे. ती भावाकडे असते, कारण त्याला रोज कामावर जायचे असते. त्यात गैर काहीच नाही. पण घरोघरी असेच घडते, हे लक्षात घ्या. गरिबाच्या घरात एकच गाडी येते आणि ती आधी मुलाची होते. आई, आजी आणि मी, आम्ही तिघी एस.टी.च्याच. तेव्हा एखाद्या गावाची संध्याकाळची फेरी बंद होते, त्या वेळी मुलांचे कॉलेज थोडे महाग होते. मुलींचे मात्र कॉलेजच बंद होते. मूल-सिंदेवाहीकडे जंगलातून जाणाऱ्या रस्त्यावर दिवेलागणीनंतर वाघाची धास्ती असते. तेथे बाप मुलीला कोणाच्याही मागे बसवून पाठवील काय? ‘पुरे आता शिक्षण’ असे तो म्हणतो, आणि त्याला दोष देण्याची माझी हिंमत होत नाही.

पहिली एस.टी. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. आपला विदर्भ तेव्हा मध्यप्रांतात होता. १९५६ नंतर आपण त्या संसारात सामील झालो. ‘बहुजन हिताय, बहुजन सुखाय’ हे तिचे ब्रीद. आजही बारावीपर्यंतच्या ग्रामीण मुलीला तिचा पास मोफत मिळतो, त्यापुढे विद्यार्थ्याला तिकिटात ६६.६७ टक्के सवलत आहे, आणि १७ मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांना अर्धे तिकीट आहे. कोणती मोटार आपल्या मालकाला एवढी सवलत देते? पण सवलत कागदावर असून काय उपयोग, गाडीच आली नाही तर!

कोरोनानंतर ४ ऑक्टोबर २०२१ पासून शाळा पुन्हा उघडू लागल्या आणि त्याच महिन्याच्या अखेरीस एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. कर्मचाऱ्यांचे हाल खरे होते, त्यांच्या मागण्यांवर मी बोट ठेवीत नाही. पण त्या काळात ज्याला जमले त्याने वाहन घेतले, ज्याला जमले नाही तो काळीपिवळीत कोंबून गेला किंवा घरी बसला. येथूनच दुष्टचक्र फिरू लागते. प्रवासी कमी म्हणून फेरी तोट्यात. तोटा म्हणून फेरी बंद. फेरी बंद म्हणून आणखी एक फटफटी. आणि पुन्हा प्रवासी कमी!

सरकारचे धोरणही पाहण्यासारखे आहे. २५ जानेवारी २०२५ पासून एस.टी.चे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले. त्याच वर्षी २२ सप्टेंबरपासून लहान मोटारी आणि ३५० सी.सी.पर्यंतच्या मोटरसायकली यांवरील कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. म्हणजे दारातली गाडी स्वस्त आणि रस्त्यावरची गाडी महाग! एक निर्णय मुंबईत झाला आणि दुसरा दिल्लीत, हे मला ठाऊक आहे. पण थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला दोन्हींचा अर्थ एकच लागतो.

कोणी म्हणेल, एस.टी. वेळेवर येत नाही, वाटेत बंद पडते, मग तिच्यात बसायचे कशाला? यावर माझा उलट प्रश्न आहे. ती सुधारावी म्हणून बोलणार कोण? ज्यांच्या शब्दाला वजन आहे, ते साहेब, गुरुजी, पुढारी सारे मोटारीतून जातात. मागे उरतात म्हाताऱ्या, मजूर बाया आणि पासवाली पोरे. त्यांची तक्रार आगाराच्या पायरीवरच विरते. शिकलेला माणूस बसमधून उतरला की बसचा आवाजही त्याच्याबरोबर उतरतो.

बसची किंमत एटापल्ली तालुक्यातील गर्देवाड्याला विचारावी. १ जानेवारी २०२५ रोजी, स्वातंत्र्यानंतर प्रथमच, अहेरीकडून तेथवर एस.टी. सुरू झाली. जे त्या गावाला इतक्या वर्षांनी मिळाले, ते आपण आपल्या गावातून मुकाट्याने जाऊ द्यायचे काय?

मित्रमैत्रिणींनो, जमेल त्याने गाडी जरूर घ्यावी. पण पासही काढावा आणि आठवड्यातून दोन दिवस तरी बसने यावे. फेरी बंद झाली तर नुसते कुरकुरू नका. ग्रामसभेत ठराव करून तो आगारात लेखी द्या आणि पोचपावती घ्या. आणि गुरुजनांना नम्र विनंती, की जादा तास ठेवताना शेवटच्या गाडीची वेळ एकदा विचारावी. अर्धा तास सोडून उठणारी मुलगी अभ्यासाला कंटाळलेली नसते. ती गाडी चुकली, तर उद्यापासून तिला येऊ देतील की नाही, याची तिला खात्री नसते.