‘रीमास्टर्ड’ म्हणजे नेमकं काय केलंत?

पोस्ट मोठी आहे आणि थोडी चिडून लिहिलेली आहे. काही मित्र दुखावतील, इलाज नाही.

जुन्या गाण्यांचा एखादा संच नव्याने बाजारात आला की आठवड्याभरात परीक्षणं येतात. ‘कान तृप्त झाले’, ‘आवाज इतका स्वच्छ की बुवा समोर बसून गातायत असं वाटतं’. ठीक. पण बुवा कुठल्या पट्टीत गातायत, हे एकालाही विचारावंसं वाटत नाही?

आपण सगळ्याच जुन्या तबकड्यांना ‘७८ची’ म्हणतो, पण सुरुवातीच्या काळात वेग ठरलेला नव्हता. कुठली ७४ फेऱ्यांची, कुठली ८०च्या वर. १९२५च्या सुमारास विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं, त्यानंतर हळूहळू हे स्थिरावलं. आता ७४ची तबकडी ७८ने फिरवली तर काय होतं? सूर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो. काळी एकचा गायक पांढरी दोनमध्ये गायला लागतो. तीन मिनिटांचं गाणं नऊ सेकंद आधी संपतं. आणि आपले परीक्षक लिहितात, ‘काय ती विजेसारखी तान!’ अहो, त्यातली थोडी वीज मोटरची आहे!

हे हसण्यावारी नेऊ नका. क्लासला जाणारी पोरं आज हेच ऐकून नक्कल करतात. आपला गळा तिथे पोचत नाही म्हणून खट्टू होतात.

दुसरं, ती स्वच्छता. खरखर काढताना तिच्यासोबत वरचे बारीक आवाजही जातात. सारंगीचा गज, तबल्याची चाट, शब्दांतले स आणि श. उरतो तो कांबळ्यात गुंडाळल्यासारखा गळा. मला खरखर चालते. पाऊस पडत असताना शेजारी कुणी गात असेल तर आपण ऐकतोच ना?

बरं, साथीला कोण? लिहिलेलं नाही. साल? नाही. तबकडीवर लेबलच्या कडेला कोरलेला मॅट्रिक्स नंबर असतो, त्यावरून ध्वनिमुद्रण कधीचं याचा माग काढता येतो. तो छापायला किती शाई लागते? कव्हरवर मात्र ‘दुर्मिळ’ हा शब्द अंगठ्याएवढा.

केसरबाईंची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली, याचा अभिमान आपण दर सहा महिन्यांनी फॉरवर्ड करतो. त्या सोनेरी तबकडीच्या कव्हरवर ती कुठल्या वेगाने फिरवायची हे चित्रांतून कोरलेलं आहे. म्हणजे परग्रहावरच्या माणसाला सांगितलं. पैसे मोजणाऱ्या पुण्या-कोल्हापूरच्या माणसाला नाही!

आणि हक्काचं काय? आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं. १९६०च्या आधीच्या तबकड्या केव्हाच मोकळ्या झाल्या, त्या तुमच्या-माझ्या आहेत. तरीही मी घरच्या तबकडीवरून उतरवून चढवलेल्या एका ठुमरीवर एका कंपनीने दावा ठोकला. तबकडी १९३०च्या दशकातली. हरकत घेतली, दीड महिना उत्तर नाही. यावर एकही परीक्षक लिहीत नाही, कारण पुढचा संच भेट म्हणून यायचा असतो. (हो, मलाही एकदा आला होता. तेव्हा मीही गोड लिहिलं. ती पोस्ट अजून आहे, शोधा आणि हसा.)

संग्राहक मंडळींनाही सोडत नाही. कपाटात शेकडो तबकड्या, आणि ऐकायला मागितलं की ‘बघू, दिवाळीनंतर’. तबकडी लाखेची असते काका, एकदा पडली की संपली.

माझ्याकडे साठ-सत्तर तबकड्या आहेत. वेग बारीक कमी-जास्त करता येईल असं चालू यंत्र कोल्हापूर-सांगलीकडे कुणाकडे असेल तर इनबॉक्स करा. तबकड्या घेऊन मी येतो, चहा तुमचा.