तिकीटखिडकीचा हिशेब आणि वऱ्हाड

‘नवरा माझा नवसाचा 2’ हा चित्रपट 20 सप्टेंबर 2024 रोजी प्रदर्शित झाला आणि पुढच्या काही आठवड्यांत त्याने वीस कोटींचा टप्पा ओलांडल्याच्या बातम्या छापून आल्या. मूळ चित्रपट 2004 सालचा. वीस वर्षांनी त्याचा दुसरा भाग यावा, तो विनोदी असावा, अशोक सराफ सत्तरी ओलांडल्यावरही त्यात उभे असावेत आणि प्रेक्षकाने तिकीट काढून त्यांना पाहावे, ही आनंदाची गोष्ट आहे. त्या आनंदावर विरजण घालण्याचा आमचा हेतू नाही. आमचा वाद आहे तो त्या आकड्यावरून काढल्या गेलेल्या निष्कर्षाशी. अवघ्या महाराष्ट्राने चित्रपट डोक्यावर घेतला, मराठी माणूस पुन्हा चित्रपटगृहाकडे वळला, अशा आशयाची विधाने त्या काळात सर्रास केली गेली. अमरावतीत आणि अकोल्यात मराठी शिकवणाऱ्या आम्हां दोघांना ती मान्य नाहीत. ती का मान्य नाहीत, एवढेच येथे सांगायचे आहे.

प्रथम साधे अंकगणित करू. वीस कोटी रुपयांना सरासरी दीडशे रुपयांच्या तिकिटाने भागले तर सुमारे तेरा लाख तिकिटे होतात. दीडशे हा दर कोणाला जास्त वाटत असेल, तर सव्वाशे धरावा. सोळा लाख होतील. (प्रदर्शनाचा दिवस हाच त्या वर्षीचा राष्ट्रीय चित्रपट दिन होता आणि त्या दिवशी अनेक चित्रपटगृहांत तिकीट 99 रुपयांना होते, हेही लक्षात ठेवावे.) 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या 11 कोटी 24 लाख. म्हणजे शंभर माणसांतील एकाने, फार तर दीड माणसाने हा चित्रपट चित्रपटगृहात पाहिला. दोनदा पाहणारे वगळले आणि 2011 नंतर वाढलेली लोकसंख्या जमेस धरली, तर हे प्रमाण आणखी खाली येते. शंभरातल्या एकाला ‘अवघा महाराष्ट्र’ म्हणण्याचा अधिकार कोणी कोणाला दिला?

शिवाय हे वीस कोटी म्हणजे गल्ला. त्यातून आधी वस्तू व सेवा कर वजा होतो. 2024 साली शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर 12 टक्के आणि त्यावरच्या तिकिटावर 18 टक्के होता. उरलेल्यात चित्रपटगृहाचा वाटा, मग वितरकाचे कमिशन, आणि सर्वांत शेवटी निर्माता. व्यापारी पत्रकार ‘ग्रॉस’, ‘नेट’ आणि ‘शेअर’ हे तीन शब्द काटेकोरपणे वेगळे ठेवतात. आपले सांस्कृतिक स्तंभलेखक मात्र त्यातला सर्वांत फुगलेला आकडा उचलतात आणि तो मराठी संस्कृतीच्या प्रकृतीचा दाखला म्हणून मिरवतात.

आता हाच हिशेब आमच्या दारी आणून पाहू. 2011 च्या जनगणनेत अमरावती जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 28 लाख 88 हजार आणि अकोला जिल्ह्याची सुमारे 18 लाख 14 हजार. दोन्ही मिळून 47 लाख. शंभरात एक हेच प्रमाण येथे लावले तर 47 हजार तिकिटे होतात, आणि दीडशेच्या दराने सत्तर लाखांचा गल्ला. आमचे म्हणणे असे की, मराठी चित्रपटाला या दोन जिल्ह्यांतून आपल्या वाट्याचे सत्तर लाख मिळण्याची सोयच राहिलेली नाही. दर्यापूर, अंजनगाव सुर्जी, मोर्शी, अकोट, तेल्हारा, बाळापूर ही तालुक्याची गावे घ्यावीत. अशा गावांतली एकपडदा चित्रपटगृहे एकामागून एक बंद होत गेली. कुठे गोदाम झाले, कुठे मंगल कार्यालय, कुठे नुसत्याच भिंती. जिल्ह्याच्या गावी बहुपडदा चित्रपटगृहे आली, पण तेथे मराठी चित्रपटाच्या वाट्याला बहुधा एखादाच खेळ येतो, आणि तो दुपारचा. शेतावरचा माणूस, दुकानातला नोकर, शाळेतला मास्तर यांपैकी त्या वेळी मोकळा कोण असतो? आठवडा सरला की तो खेळही जातो आणि मग मुंबईला निरोप पोचतो की विदर्भात मराठी सिनेमा चालत नाही.

हे सारे केवळ आजच्या बाजारामुळे घडते असे नाही. त्यामागे जुनी प्रशासकीय वाटणी आहे आणि मराठीच्या अभ्यासकांनाही ती फारशी ठाऊक नसते. चित्रपटाचा व्यापार महाराष्ट्र नावाचे राज्य एक मानत नाही. मुंबई, पुणे, कोकण आणि गोवा ‘बॉम्बे’ टेरिटरीत मोडतात आणि त्यांच्या जोडीला गुजरात असतो. मराठवाड्याचा बराच भाग ‘निजाम’मध्ये जातो. आणि विदर्भ येतो ‘सी. पी. बेरार’मध्ये. मध्य प्रांत व वऱ्हाड हा प्रांत 1950 साली नावानिशी संपला, 1956 साली विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, 1960 साली महाराष्ट्र झाला. वितरकाच्या वहीत मात्र तो प्रांत आजही जिवंत आहे. भुसावळला मुख्यालय असलेली सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन ही याच व्यवस्थेतील संस्था. या वहीत आमचे शेजारी पुणे-नाशिक नाहीत. जबलपूर आणि रायपूर आहेत. त्यामुळे येथे पडद्यावर काय लागावे हे ठरविताना हिंदीचा हिशेब आधी होतो. निर्मात्याच्या दृष्टीने मराठी चित्रपट येथे पाठविणे म्हणजे जवळजवळ परमुलखात पाठविणे.

रिळांचा काळ होता तोवर यावर एक उत्तर दिले जाई. प्रत काढायला खर्च येतो, म्हणून प्रती आधी मुंबई-पुण्याला फिरणार आणि मग सवडीने वऱ्हाडात येणार. तोवर चोरटी सीडी येथे येऊन गेलेली असे. आज चित्रपट डिजिटल स्वरूपात पोचतो. दादरला आणि धारणीला तो एकाच शुक्रवारी लावण्यात तांत्रिक अडचण कोणतीही नाही. कारण गेले, पण रीत तशीच राहिली.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. वीस वर्षांनी आलेला दुसरा भाग विकतो काय? तो आठवण विकतो. 2004 च्या चित्रपटात मुंबईहून गणपतीपुळ्याला निघालेली एसटी होती आणि कंडक्टरच्या वेषात अशोक सराफ होते. ती एसटी प्रत्येक मराठी गावाची होती. परतवाड्याचा आणि मूर्तिजापूरचा प्रवासीही तोच घंटीचा दोर, तोच सुट्या पैशांचा तंटा आणि तीच खिडकीची जागा ओळखत होता. हा चित्रपट घराघरांत रुजला तो दूरचित्रवाणीमुळे. सुटीच्या दुपारी तो पुनःपुन्हा लागे आणि घरातली तीन पिढ्यांची माणसे जेवणे आटोपून तो पुनःपुन्हा बघत. संवाद पाठ झाले ते असे. वीस वर्षे जमत गेलेल्या या भांडवलात दर्यापूरच्या घराचा वाटा दादरच्या घराइतकाच होता. 2024 साली वसुलीची वेळ आली, एसटीच्या जागी कोकण रेल्वे आली, कंडक्टरचे टीसी झाले, आणि तिकिटाची खिडकी मात्र ठरावीक शहरांतच उघडली. ज्यांनी आठवण सांभाळली त्यांच्यापैकी बहुतेकांची या हिशेबात नोंदच नाही.

याच कारणामुळे हे यश नव्या बळाची खूण म्हणून वाचणेही धोक्याचे आहे. ‘झपाटलेला’ 1993 चा. त्याचा दुसरा भाग 2013 साली त्रिमितीत आला. लक्ष्मीकांत बेर्डे तोवर राहिले नव्हते, पण तात्या विंचू राहिला होता. ‘दे धक्का’ 2008 चा; दुसरा भाग 2022 साली आला आणि त्यातले कुटुंब लंडनला गेले. वारंवार असे घडले की निर्मात्याला एक धडा मिळतो: नवा विनोद लिहवून घेण्यापेक्षा जुने शीर्षक खणून काढावे, त्याची जाहिरात आधीच झालेली असते. आकडा निकाल म्हणून छापला जातो, पण पुढच्या निर्मात्याच्या हाती तो हुकूम म्हणून पोचतो. त्या हुकमात ज्या मुलखाची नोंद नाही, त्या मुलखाची भाषा, तेथली माणसे आणि तेथले हसू पुढच्या संहितेत येईलच कसे?

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, वऱ्हाडी माणसाला हिंदीच आवडते. ऑगस्ट 2024 मध्ये आलेला ‘स्त्री 2’ आमच्याकडेही जोरात चालला, हे खरे. पण तोही दुसराच भाग होता, त्यातही विनोद होता आणि त्याची सारी गंमत मध्य प्रदेशातल्या चंदेरी या गावच्या बोलीत आणि माणसांत होती. आमच्या माणसाला शेजारच्या गावाची बोली भावली. यातून त्याला मराठी नको हे सिद्ध होत नाही. आपल्यासारखी दिसणारी माणसे पडद्यावर त्याला हवी आहेत, हे सिद्ध होते. अमरावतीचे भारत गणेशपुरे ‘चला हवा येऊ द्या’मध्ये वऱ्हाडीतून बोलू लागले तेव्हा अवघ्या महाराष्ट्राने त्यांना आपले मानले. 2016 साली ‘सैराट’ आला तेव्हा येथेही रांगा लागल्या होत्या. आणि मराठी करमणुकीसाठी खेड्यातला माणूस पैसे मोजत नाही असे ज्याला वाटते, त्याने दिवाळीनंतर पूर्व विदर्भात जाऊन झाडीपट्टीची नाटके पाहावीत. कडाक्याच्या थंडीत, रात्रभर, तिकीट काढून तेथे माणसे बसतात.

दुसरा आक्षेप आमच्याच व्यवसायातला आहे. विनोदी चित्रपटाचा गल्ला हा मराठीच्या प्राध्यापकांनी चर्चेला घेण्याचा विषय आहे काय, असे विचारणारे सहकारी आम्हाला भेटतात. त्यांना आम्ही श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांची आठवण करून देतो. मराठी विनोदी लेखनाचा पाया ज्यांनी घातला ते कोल्हटकर अकोला, खामगाव, जळगाव जामोद अशा वऱ्हाडी गावांत वकिली करीत राहिले; ‘सुदाम्याचे पोहे’ या मातीत शिजले. ते स्वतः नाटककार होते आणि नाटकमंडळीचा धंदा व नाटकाची संहिता यांचा संबंध त्यांना पुरता ठाऊक होता. अमरावतीचे वीर वामनराव जोशी ‘रणदुंदुभी’ लिहीत होते तेव्हा कापसाच्या पैशावर वऱ्हाडचा दौरा करणे हे नाटकमंडळ्यांच्या उत्पन्नाचे एक साधन होते. ज्या मुलखाने मराठी रंगभूमीला पोसले, त्याला आज मराठी पडद्यासाठी ‘कमकुवत टेरिटरी’ म्हटले जाते. एवढ्या मुदतीत नेमके काय बदलले, हे विचारणे साहित्याच्या अभ्यासकाचे काम नसेल, तर मग ते कोणाचे आहे?

चित्रपटगृहाच्या मालकाला आम्ही दोष देत नाही. तो व्यापारी आहे. रिकाम्या खुर्च्यांवर त्याचे वीजबिल भागत नाही. दोष आहे तो धोरणाचा. एप्रिल 2015 मध्ये राज्य शासनाने बहुपडदा चित्रपटगृहांना संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत मराठी चित्रपट दाखविणे सक्तीचे करण्याची घोषणा केली. गदारोळ झाला, आणि काही दिवसांतच ‘दुपारी बारा ते रात्री नऊ’ अशी सवलत निघाली. ज्या दुपारच्या खेळाबद्दल आम्ही वर लिहिले, तो या सवलतीत चपखल बसतो. आणि जेथे पडदाच नाही, त्या तालुक्याला या नियमाचा उपयोग शून्य.

म्हणून आमच्या मागण्या तीन आहेत. कोटींचा आकडा जाहीर करणाऱ्या निर्मात्याने त्यासोबत जिल्हावार खेळ, आसने आणि विकलेली तिकिटे जाहीर करावीत. शासनाचे अनुदान घेणाऱ्या प्रत्येक मराठी चित्रपटाने सहाही महसुली विभागांत, संध्याकाळच्या वेळी, ठरावीक खेळ केलेच पाहिजेत अशी अट असावी. आणि अमरावतीचे संत ज्ञानेश्वर सांस्कृतिक भवन, अकोल्याचे प्रमिलाताई ओक सभागृह यांसारख्या सभागृहांत आणि तालुक्यांच्या नगरपरिषद सभागृहांत डिजिटल प्रक्षेपणाची सोय करून आठवड्यातून दोन संध्याकाळी मराठी चित्रपट माफक दरात लावावेत. अमरावती-अकोला महामार्गाचा 75 किलोमीटरचा पट्टा जून 2022 मध्ये पाच दिवसांच्या आत डांबरून जागतिक विक्रम झाला. ज्या राज्यात हे होते, त्याला त्याच रस्त्यावरच्या गावांत एक पडदा टांगणे अवघड नसावे.

तोवर कोणी वीस कोटींचा आकडा दाखवून मराठी प्रेक्षकाने कौल दिला असे सांगू लागला, तर वाचकांनी त्याला एवढेच विचारावे: मतदान केंद्रे कोठे कोठे होती?