मांजाने मनगट कापले तर

संक्रांत जवळ आली की नागपुरात नायलॉन मांजाने गळा, हात कापलेले रुग्ण येऊ लागतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये या मांजावर देशभर बंदी घातली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. चक्री मात्र मिळतेच. बंदी खरोखर अमलात येईपर्यंत हाताचा रक्तपुरवठा तरी समजून घेतलेला बरा.

दंडातून उतरणारी मोठी धमनी कोपराशी दुभंगते. एक फाटा अंगठ्याच्या बाजूने (नाडी पाहतात ती हीच), दुसरा करंगळीच्या बाजूने जातो आणि तळहातात दोन्ही कमानीसारखे पुन्हा जुळतात. म्हणून एक फाटा तुटला तरी बहुतेकांचा पंजा जगतो. पण याच जोडणीमुळे तुटलेल्या धमनीच्या दोन्ही तोंडांतून रक्त वाहते. वर सुतळी आवळणे हा त्यावरचा उपाय नव्हे. ती सैल बसली तर नुसत्या शिरा दबून रक्तस्राव वाढतो, घट्ट बसली तर मज्जातंतू चिरडतात. स्वच्छ कापड थेट जखमेवर ठेवून दाबून धरावे. तरीही रक्त थांबले नाही तरच दंडावर रुंद पट्टी घट्ट बांधून वेळ नोंदवावी.

कोपराभोवतीही असे आडमार्ग असतात. अडथळा हळूहळू वाढला तर ते रुंदावतात. दंडाची धमनी अचानक तुटली तर तेवढी सवड मिळत नाही. स्नायू रक्ताविना साधारण सहा तास तग धरतात. बोटे गार, पांढरी वा बधिर पडली असतील, तर गल्लीतल्या दवाखान्यात टाके घालण्यात हे तास घालवू नयेत. रक्तवाहिन्या जोडण्याची सोय असलेले रुग्णालय गाठावे.