अपग्रेडला शिव्या घालण्याआधी

"अपग्रेड केलं आणि सगळं बोंबललं!" दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी मला हे ऐकवतंच. मंडळी, माझं मत जरा उलटं आहे. पुष्कळदा तडा आधीच गेलेला असतो, अपग्रेडमुळे तो फक्त दिसायला लागतो.

परवाच्या वीकांताचंच घ्या. एकलहऱ्यातल्या एका छोट्या संस्थेचं नेटवर्क सांभाळणाऱ्या पोराचा फोन आला. "दादा, स्क्विडचा सर्व्हर उबुंटू १६.०४ वरून टप्प्याटप्प्याने २२.०४ वर नेला. बाहेरचं सगळं चालतंय, पण आपलीच फीची साईट उघडत नाही. पिंग मात्र होतंय!" फी भरायची शेवटची तारीख सोमवार. साहेबांचा हुकूम सुटलेला : जुनंच परत टाक.

जुनं म्हणजे काय, तर ज्याचा नेहमीचा सुरक्षा सपोर्ट एप्रिल २०२१ मध्येच संपला ते. सगळ्या संस्थेचं इंटरनेट ज्या दारातून जातं, त्याला मोडकं कुलूप लावायचं! ते मला काही पटेना.

पिंग होतं आणि साईट उघडत नाही, यातच खरी मेख आहे. ब्राउझरला प्रॉक्सी लावला की तो स्वतः पत्ता शोधत बसत नाही, नाव तसंच्या तसं प्रॉक्सीच्या हातात देतो. पिंग मात्र आपलं आपण विचारून घेतं. म्हणजे ऑफिसचा डीएनएस ठणठणीत होता, प्रॉक्सी भलत्यालाच विचारत होता.

नाशिक रोड स्टेशनबाहेर नुसतं "एकलहरे" म्हणा, रिक्षावाला वीज केंद्राच्या चिमण्यांच्या दिशेने निघेल. कागदोपत्री ते 'नाशिक औष्णिक विद्युत केंद्र' आहे, हे त्याला माहीत असायची गरज नाही. हाच प्रयोग दादरच्या टॅक्सीवाल्यावर करून बघा :) गावातलं नाव गावातल्याच माणसाला विचारायचं असतं.

नव्या उबुंटूत मध्ये एक मध्यस्थ बसतो, सिस्टमडी-रिझॉल्व्ड. मुक्काम १२७.०.०.५३. स्क्विड आता त्याला विचारत होता. आणि साईटचं नाव संपत होतं 'डॉट लोकल'ने. ही शेपटी फेब्रुवारी २०१३ च्या आरएफसी ६७६२ ने मल्टिकास्ट डीएनएसला देऊन टाकली आहे (तेच ते, प्रिंटर आपोआप सापडण्यासाठी वापरतात ते). त्यामुळे हे डोमेन आपलं आहे असं स्पष्ट सांगितल्याशिवाय मध्यस्थ असलं नाव डीएनएस सर्व्हरकडे नेतच नाही. नियमाने वागतो बिचारा.

पोराला म्हटलं, डिगने आधी थेट ऑफिसच्या डीएनएसला विचार. पत्ता आला. मग मध्यस्थाला विचार. नाही आला. रिझॉल्व्डच्या कॉन्फिगमध्ये ऑफिसचा डीएनएस आणि आपलं डोमेन अशा दोन ओळी लिहिल्या, सर्व्हिस रिस्टार्ट केली, साईट उघडली. चहा गार व्हायच्या आत!

तोवर त्याला शेजारच्या ऑफिसातून सल्ला मिळालाच होता : "८.८.८.८ टाक ना." हा आपला राष्ट्रीय रामबाण. अरे, पण गूगलला तुमची फीची साईट कशी माहीत असणार? "मग दुसऱ्या नंबरवर टाकतो." त्यानेही भागत नाही. पहिल्या सर्व्हरने "असं नाव नाही" म्हटलं की दुसऱ्याला कुणी विचारत नाही. पहिला गप्प बसला तरच दुसऱ्याची पाळी येते. मग कधीतरी पहिला क्षणभर अडखळतो, प्रश्न बाहेर जातो, नकार घेऊन परत येतो, आणि साईट "मधूनच" बंद पडायला लागते. मधूनच पडणारं काही शोधायला बसलात की वीकांत गेलाच म्हणून समजा.

त्या दोन ओळींना मी इलाज म्हणत नाही. नाव मुळातच दुसऱ्याच्या जागेवर उभं आहे. संस्थेला तरी दोष काय द्यायचा? मायक्रोसॉफ्टचा स्मॉल बिझनेस सर्व्हर २००३ स्वतःच डॉट लोकल सुचवायचा. डिसेंबर २०१७ मध्ये क्रोम ६३ ने 'डॉट देव'वर एचटीटीपीएस सक्तीचं केलं, तेव्हा आपल्या लॅपटॉपवर ती शेपटी फुकट वापरणारे प्रोग्रामर असेच उघड्यावर पडले होते.

आता खासगी वापरासाठी 'डॉट इंटर्नल' आहे, जुलै २०२४ मध्ये आयकॅनने राखून ठेवलेलं. माझी पसंती मात्र संस्थेच्या स्वतःच्या, पैसे भरून घेतलेल्या डोमेनखालच्या उपनावाला. त्याला सर्टिफिकेटही रीतसर मिळतं. हे काम फीची गडबड उरकल्यावर करायचं ठरलंय. साहेबांना बुकमार्क बदलायला लावणं हा त्यातला सगळ्यात अवघड भाग.