विश्लेषण : पंच बिघडतो तो कागद कापताना नव्हे, कपाटात!

गणपती जवळ आले की चंदगड तालुक्यातल्या घराघरांत आणि शाळाशाळांत गेल्या वर्षीची सजावटीची पेटी उघडली जाते. फुलाचा, फुलपाखराचा, जाळीदार किनारीचा पंच हाती लागतो. दाबला तर दबत नाही आणि दबलाच तर वर येत नाही. मग ‘मालच हलका होता’ असे म्हणून बेळगावच्या बाजारातून नवा आणला जातो. दोष मालाचा असतोही कधी कधी. बहुतेक वेळा मात्र तो साठवणुकीचा असतो.

मार्च 2018 मध्ये राज्याने प्लास्टिक व थर्माकोलवर बंदी आणली आणि मखरासाठी कागदाला पुन्हा मागणी आली. 2024 मध्ये शाळांत ‘आनंददायी शनिवार’ सुरू झाल्यावर हस्तकलेलाही हक्काचा वेळ मिळाला. त्यामुळे एरवी स्क्रॅपबुक करणाऱ्या हौशी मंडळींपुरता असलेला डिझाईन पंच आता गावोगाव दिसतो.

पंच नेमका कसा चालतो?

उद्यमनगर किंवा शिरोलीत प्रेसवर काम केलेल्या कुणालाही हे सांगावे लागणार नाही. वरचा भाग म्हणजे पंच, खालचा म्हणजे डाय. दोघांमध्ये अगदी बारीक फट असते आणि त्या फटीच्या कडेवर कागद कातरला जातो. ही कात्री नव्हे, त्यामुळे दगडावर घासून धार लावण्याची सोय नाही. फटीत गंजाचा पापुद्रा, डिंक किंवा कागदाचा भुगा अडकला की संपले. झेरॉक्सचा कागद 70 ते 75 जीएसएमचा असतो आणि कार्डशीट साधारण 200 च्या आसपास. एवढे चांगला पंच सोसतो. चमकीचा फोम आणि मागे गोंद असलेला स्टिकर पेपर मात्र त्याचे शत्रू.

चंदगडमध्येच जास्त का गंजतो?

तालुका घाटमाथ्यावर आहे. शेजारच्या आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. पूर्वेला कोवाडकडे सरकावे तसा तो उतरतो, पण तिलारीनगर, पारगडच्या बाजूला जून ते सप्टेंबर भिंतीही घाम गाळतात. हवेतला दमटपणा साठ टक्क्यांच्या वर गेला की उघड्या लोखंडाला गंज धरण्याचा वेग वाढतो. येथे तर पावसाळाभर तो त्याहून कितीतरी वर असतो. त्यात शाळेचे लोखंडी कपाट भिंतीला टेकलेले आणि पंच तळाच्या कप्प्यात, फडक्यात गुंडाळलेला. फडके ओल धरून ठेवते, म्हणजे जपण्यासाठी केलेली गोष्टच त्याला गंजवते. या भागातल्या जुन्या घरांत बियाणे चुलीच्या वरच्या माळ्यावर ठेवत, ते उगाच नव्हे.

समाजमाध्यमांवरच्या व्हिडिओंतले उपाय येथे जसेच्या तसे चालत नाहीत. चिकटलेला पंच फ्रीजरमध्ये ठेवा, असे सांगितले जाते. थंडीने गोंद कडक होऊन सुटतो, हे खरे. पण पावसाळ्यात गार लोखंड बाहेर काढताच त्यावर पाणी जमते आणि एका दुखण्यावर दुसरे येते. हा उपाय केलाच तर लगेच कोरडे पुसून उन्हात किंवा दिव्याखाली ठेवावे. ‘अ‍ॅल्युमिनियम फॉइल कापली की धार येते’ हा दावाही फुगवलेला आहे. फॉइलने कडेवरचा मळ आणि बारीक कुसळे निघतात, इतकेच. हलका गंज असेल तर बारीक पॉलिश पेपरवर पाच-सहा वेळा पंच मारणे जास्त उपयोगी. कड तुटली असेल, तर मात्र कशाचाच इलाज नाही.

वंगणासाठी घरातले खोबरेल तेल नको. ते चिकटते, भुगा धरते आणि थंडीत थिजते. शिलाई मशिनचे तेल एक थेंब, तेही फक्त दांड्याच्या खिळीला. कापणाऱ्या कडेसाठी साध्या कागदावर मेणबत्ती घासावी आणि तो कागद आठ-दहा वेळा कापावा. नंतर रद्दीवर दोन-चार छाप काढले की चांगल्या कागदावर डाग पडत नाही.

साठवणुकीत डब्याइतकेच महत्त्व दिवसाला आहे. रबरी कडेचा घट्ट डबा पावसाच्या दिवशी बंद केला, तर आत ओलच कोंडली जाते. उघडीप असताना पंच ब्रशने झाडून, वाळवून, मगच तो बंद करावा. आत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. चपलांच्या खोक्यातून निघालेल्या जुन्या पुड्या बहुधा आधीच भिजलेल्या असतात, त्या मे महिन्याच्या उन्हात वाळवून घ्याव्यात. तेही नसेल तर भाजलेले तांदूळ पुरचुंडीत बांधावेत, पण ते आठवड्याला बदलावे लागतात.

शंभर-दोनशे रुपयांच्या वस्तूसाठी एवढा खटाटोप कशाला, हा प्रश्न रास्त आहे. शहरात कदाचित नसेलही परवडत. पण समग्र शिक्षा योजनेच्या निकषांत 30 पर्यंत पटाच्या शाळेला वर्षाचे एकत्रित अनुदान 10 हजार रुपये धरले आहे. खडूपासून वीजबिलापर्यंत सारे त्यातूनच भागवायचे आणि किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे. वाड्यावस्त्यांवरच्या अशा शाळेने दरवर्षी पाच-सहा पंच नव्याने घ्यावेत, ही चैन आहे. जडवस्तू नोंदवहीत पंचाची खरेदी दिसते, त्याच्या तेलपाण्याची नोंद करायला रकाना नसतो.

त्यापेक्षा प्रत्येक केंद्रशाळेत चांगल्या पंचांची एकच पेटी ठेवावी आणि शनिवारी ती शाळांमध्ये फिरवावी. गणपतीच्या आठवड्यात सगळ्यांना ती एकदमच हवी असेल, ही अडचण खरी आहे. मखराच्या किनारी मुलांनी जुलैपासूनच कापून ठेवल्या तर ती बरीच सुटते. पेटी परत घेताना प्रत्येक पंच रद्दीवर एकदा मारून पाहावा आणि तो छाप तारखेसह वहीत चिकटवावा. कुठल्या शाळेकडून तो कसा परत आला, हे त्या छापावरूनच कळते. पाचवीतल्या एखाद्या मुलीकडे हे काम दिले तरी ती ते चोख करील.