दिवा आणि पाहणारा

दिवाळीच्या संध्याकाळी उंबऱ्याशी लावल्या जाणाऱ्या पणतीच्या ज्योतीविषयी रसायनशास्त्राला सांगता येणार नाही असे आज फार थोडे उरले आहे. वातीतून वर चढणारे तेल उष्णतेने वायुरूप होते, त्याचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होतो आणि ज्योतीत तयार होणारे काजळीचे सूक्ष्म कण तापून पिवळा उजेड देऊ लागतात. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रेंच शास्त्रज्ञ लाव्हाझिए याने ज्वलनाची उपपत्ती मांडली, त्यापूर्वी जळणाऱ्या प्रत्येक पदार्थात ‘फ्लॉजिस्टन’ नावाचे एक तत्त्व दडलेले असते आणि जळताना ते बाहेर पडते, असे युरोपातील विद्वान मानत असत. त्या तत्त्वाची आज कोणालाही गरज वाटत नाही. ज्योतीचा उजेड पुढे डोळ्याच्या दृष्टिपटलावर पडतो, तेथील पेशींतून निघालेले विद्युत्-संदेश मज्जातंतूंवाटे मेंदूच्या मागच्या भागातील दृष्टिक्षेत्रापर्यंत पोहोचतात, आणि या वाटेवरचे टप्पे उपकरणांनी मोजता येतात. तरीही हा सगळा हिशेब पुरा झाल्यावर एक नोंद राहूनच जाते. पाहणाऱ्याला तो उजेड पिवळा ‘दिसतो’, आणि ते दिसणे म्हणजे नेमके काय, हे त्या मोजमापांत कोठेही सापडत नाही. जाणिवेचा उलगडा वैज्ञानिक जडवादाला करता येईल का, हा यंदाच्या अंकाचा मुख्य विषय या राहून गेलेल्या नोंदीतून निघाला आहे.

चर्चेत येणाऱ्या शब्दांचा अर्थ आधी निश्चित करणे इष्ट ठरेल. जे काही अस्तित्वात आहे ते अखेर भौतिक द्रव्य, ऊर्जा आणि त्यांचे नियम यांतूनच घडलेले आहे, आणि मन, इच्छा, जाणीव यांचाही उलगडा त्याच नियमांच्या आधारे होईल, या भूमिकेला वैज्ञानिक जडवाद म्हणतात. पैशाच्या आणि चैनीच्या मागे लागलेल्या माणसाला बोलण्याच्या ओघात ‘जडवादी’ म्हटले जाते, त्या अर्थाशी या भूमिकेचा संबंध नाही. जाणिवेच्या बाबतीत मराठी भाषेने वाचकाचे काम बरेच सोपे करून ठेवले आहे. शस्त्रक्रियेपूर्वी भूल दिलेल्या रुग्णाची शुद्ध हरपते, तर गाण्यात रंगलेल्या श्रोत्याची शुद्ध शाबूत असताना त्याचे भान हरपते; म्हणजे शुद्ध ही जागेपणाची अवस्था आहे आणि भान हा अवधानाचा व्यापार आहे, आणि या दोहोंचा अभ्यास मेंदूविज्ञान आज उत्तम रीतीने करू शकते. येथे मात्र ‘जाणीव’ हा शब्द या दोहोंच्या मुळाशी असलेल्या अनुभवासाठी योजला आहे, म्हणजे रंग दिसताना, दाढ ठणकताना किंवा पहिल्या पावसात मातीचा वास येताना ज्याचे त्यालाच जे आतून जाणवते, त्यासाठी.

जडवादाच्या बाजूचा पुरावा भक्कम आहे आणि तो मोकळेपणाने मान्य केला पाहिजे. १८२८ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ व्होलर याने सजीवांच्या मूत्रात सापडणारा युरिया प्रयोगशाळेत तयार केला आणि सजीवांत एक खास ‘जीवशक्ती’ असते या समजुतीचा पाया तेथून हळूहळू खचत गेला. १८४६ मध्ये बॉस्टनमध्ये ईथरची भूल देऊन केलेल्या शस्त्रक्रियेने हे दाखवून दिले की, हुंगलेली वाफ वेदनेसकट सारी जाणीव काही काळ पुसून टाकू शकते. १८४८ मध्ये अमेरिकेतील फिनिअस गेज नावाच्या कामगाराच्या कवटीतून लोखंडी पहार आरपार गेली. तो जगला, पण त्याचा स्वभाव असा पालटला की पूर्वीचा गेज राहिला नाही असे त्याच्या ओळखीचे लोक म्हणू लागले. १८६१ मध्ये पॅरिसच्या ब्रोका या शल्यवैद्याने वाचा गेलेल्या रुग्णाच्या मेंदूतील नेमका बिघडलेला भाग दाखवला. विसाव्या शतकात रॉजर स्पेरी या मेंदूशास्त्रज्ञाने ज्यांच्या मेंदूच्या दोन अर्धगोलांमधील दुवा शस्त्रक्रियेने तोडला होता अशा रुग्णांचा अभ्यास करून दाखवले की, एका अर्धगोलाला जे कळते ते दुसऱ्याला कळेलच असे नाही. या संशोधनासाठी त्याला १९८१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मेंदूतील बदल आणि मनातील बदल इतक्या बारकाईने बरोबर चालत असतील, तर मन हे मेंदूचेच कार्य आहे असा निष्कर्ष काढणाऱ्याला उतावळा म्हणता येणार नाही.

या निष्कर्षावर घेतला जाणारा मुख्य आक्षेपही तितकाच जुना आणि तितकाच गंभीर आहे. विचार करणारे यंत्र गिरणीएवढे मोठे करून त्यात कोणी शिरले, तर एकमेकांना ढकलणारे भाग तेवढे त्याला दिसतील आणि जाणिवेचा उलगडा करणारे काहीच दिसणार नाही, असे जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझने १७१४ मध्ये लिहिले. १९७४ मध्ये टॉमस नेगेल या तत्त्वज्ञाने वटवाघळाचे उदाहरण घेऊन असे मांडले की, प्रतिध्वनीवरून वाट काढणाऱ्या त्या प्राण्याच्या मेंदूची संपूर्ण माहिती मिळाली तरी वटवाघूळ असणे त्या वटवाघळाला कसे वाटते हे त्या माहितीतून कळणार नाही. पुढे १९९५ मध्ये डेव्हिड चाल्मर्स या तत्त्वज्ञाने या प्रश्नाचे दोन भाग पाडले. मेंदू माहिती कशी गोळा करतो, लक्ष कसे देतो, झोप आणि जागेपण यांत फरक कसा करतो, हे त्याच्या मते तुलनेने सोपे प्रश्न होत, कारण त्यांची उत्तरे कार्यपद्धतीच्या वर्णनाने मिळू शकतात. परंतु ही सारी कार्ये चालू असताना त्यांच्यासोबत अनुभव का असतो, हा अवघड प्रश्न होय. यावर डॅनिएल डेनेट याच्यासारख्या जडवादी विचारवंतांचे उत्तर असे की, सोपे प्रश्न सुटत जातील तसतसा अवघड प्रश्न जीवशक्तीसारखा आपोआप विरून जाईल. हे उत्तर विचारार्ह असले तरी त्यातील उपमा पूर्णपणे जुळत नाही, कारण जीवशक्ती ही पोषण, वाढ, पुनरुत्पादन या दिसणाऱ्या घटनांच्या स्पष्टीकरणासाठी कल्पिलेली गोष्ट होती, तर अनुभव ही स्वतःच स्पष्टीकरण मागणारी घटना आहे, आणि ती नाकारायची तर नाकारणाऱ्यालाही प्रथम तिच्यातूनच जावे लागते.

हा वाद पाश्चात्त्य जडवाद आणि भारतीय अध्यात्म यांच्यातील सामना आहे, अशी समजूत महाराष्ट्रात बरीच रूढ असली तरी ती इतिहासाला धरून नाही. चौदाव्या शतकातील ‘सर्वदर्शनसंग्रह’ या ग्रंथाची सुरुवातच चार्वाकदर्शनाने होते, आणि धान्य वगैरे आंबल्यावर त्यांत जशी मादकता उत्पन्न होते तशी पृथ्वी, जल, तेज आणि वायू यांच्या संयोगातून देहात जाणीव उत्पन्न होते, हे चार्वाकांचे मत तेथे नोंदवलेले आहे. आधुनिक काळात वाईच्या प्राज्ञपाठशाळेत परंपरागत शास्त्राध्ययन केलेल्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी ‘जडवाद’ याच नावाचा ग्रंथ मराठीत लिहिला. जडवाद हा मराठी विचाराच्या घरातला आहे, आणि त्यावरचा सर्वांत नेमका आक्षेपही याच परंपरेत घेतला गेलेला आहे.

तो आक्षेप शंकराचार्यांच्या ब्रह्मसूत्रभाष्यात दिव्याच्याच दृष्टान्ताने येतो. दिवा असला तर वस्तू दिसते आणि नसला तर दिसत नाही, म्हणून पाहणे हा दिव्याचा धर्म ठरत नाही, दिवा हे पाहण्याचे साधन ठरते. त्याचप्रमाणे देह असताना जाणीव आढळते आणि नसताना आढळत नाही, एवढ्यावरून जाणीव हा देहाचा धर्म सिद्ध होत नाही, असा तो युक्तिवाद आहे. दोन गोष्टी बरोबर आढळणे आणि त्या एकच असणे यांतील भेद इतक्या स्वच्छपणे क्वचितच मांडला गेला असेल, आणि मेंदूच्या छायाचित्रातील एखादा ठिपका दाखवून जाणीव सापडली असे म्हणणाऱ्या कोणालाही आज या युक्तिवादाला उत्तर द्यावे लागेल. तथापि दृष्टान्ताची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. दिव्याची वात बदलल्याने पाहणाऱ्याचा स्वभाव बदलत नाही, मात्र मेंदूला झालेल्या इजेने माणसाचा स्वभाव, त्याची स्मृती, किंबहुना आप्तांना ओळखण्याची त्याची शक्तीही बदलते. वेदान्ताकडे याचेही उत्तर आहे, कारण सांख्यांप्रमाणेच वेदान्तीही मन, बुद्धी आणि अहंकार यांना जडाच्याच बाजूला ठेवतात आणि चैतन्य हे या सर्वांचे केवळ साक्षी मानतात. हे उत्तर तर्काला धरून असले तरी त्याची किंमत मोठी आहे, कारण स्मृती, स्वभाव आणि विचार वजा केल्यावर जो साक्षी उरतो, त्याच्याविषयी प्रयोगाने पडताळता येईल असे एकही विधान करता येत नाही. म्हणजे जडवादी मोजता येणाऱ्या गोष्टींतून अनुभवापर्यंत पोहोचू शकत नाही आणि चैतन्यवादी अनुभवातून मोजता येणाऱ्या गोष्टींपर्यंत पोहोचू शकत नाही. दरी एकच आहे, दोघे तिच्या दोन काठांवर उभे आहेत.

विज्ञानाने या दरीकडे पाठ फिरवलेली नाही, ही समाधानाची बाब आहे. जाणिवेची मेंदूतील स्पष्ट खूण २५ वर्षांत सापडेल, अशी पैज क्रिस्टॉफ कॉख या मेंदूशास्त्रज्ञाने १९९८ मध्ये चाल्मर्सशी लावली होती, आणि जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या परिषदेत त्याने ती हरल्याचे मान्य केले. येथे हे ध्यानात ठेवावे की पैज खुणेपुरती होती, अनुभव मुळात का असतो हा प्रश्न तिच्या कक्षेबाहेरच होता. माहिती मेंदूभर प्रसारित होणे म्हणजे जाणीव असे मानणारी एक उपपत्ती आणि माहितीची एकसंध गुंफण म्हणजे जाणीव असे मानणारी दुसरी उपपत्ती, यांच्या पुरस्कर्त्यांनी आधीच ठरवलेल्या कसोट्यांवर २५६ व्यक्तींची संयुक्त तपासणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत दोन्ही उपपत्तींची काही महत्त्वाची भाकिते खोटी ठरली. आपले म्हणणे कशाने खोटे ठरेल हे आधी जाहीर करून मग प्रयोगाला बसण्याची ही तयारी हीच विज्ञानाची खरी प्रतिष्ठा आहे.

विज्ञानाची ही अपूर्णता पुढे करून भलत्याच गोष्टी पदरात घालणाऱ्यांची मात्र कमतरता नाही, आणि त्याविषयी स्पष्ट बोलणे हे संपादकीयाचे कर्तव्य आहे. हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेले काही रुग्ण देहाबाहेर जाऊन वरून पाहिल्याचा अनुभव सांगतात. त्याची तपासणी करण्यासाठी काही रुग्णालयांत छताजवळ, फक्त वरूनच दिसतील अशी चित्रे ठेवण्यात आली, आणि हृदयक्रिया बंद पडल्याच्या २,०६० घटना समाविष्ट असलेल्या या अभ्यासाचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. वाचलेल्यांपैकी १४० जणांच्या मुलाखती झाल्या, त्यांतील एकाचे वर्णन प्रत्यक्ष घडामोडींशी जुळले, परंतु ठेवलेले चित्र पाहिल्याचे एकाही बाबतीत सिद्ध झाले नाही. पुण्यात जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये हुशार आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका ओळखण्याचे आव्हान ज्योतिषांना दिले होते. भाग घेतलेल्या २७ ज्योतिषांचे सरासरी यश ४६ टक्के निघाले, म्हणजे नाणे उडवून मिळावे त्याहून अधिक नव्हे. जाणिवेचा प्रश्न सुटलेला नाही यावरून ग्रहांची फळे, अंगात येणे किंवा बुवांची सिद्धी यांपैकी काहीही सिद्ध होत नाही, कारण ही विधाने तपासता येण्याजोगी आहेत, आणि जे तपासता येते ते तपासणीत उतरलेच पाहिजे.

हा सारा केवळ पंडितांचा वाद आहे असे वाटणाऱ्या वाचकाने रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाकडे पाहावे. हाक मारली तरी कसलाही प्रतिसाद न देणाऱ्या एका तरुणीला टेनिस खेळत असल्याची कल्पना करायला सांगितल्यावर तिच्या मेंदूत निरोगी माणसाप्रमाणेच हालचाल दिसली, असे एड्रियन ओवेन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केले, आणि २०२४ मध्ये जाहीर झालेल्या मोठ्या अभ्यासात बाहेरून प्रतिसादशून्य असलेल्या २४१ रुग्णांपैकी ६० जण सूचना समजून मनात त्या पाळत असल्याचे आढळले. खाटेजवळ बसलेल्या नातलगांसाठी ‘आत कोणी आहे का’ हा तत्त्वज्ञानाचा प्रश्न राहत नाही. प्राण्यांच्या वेदनेविषयी आणि माणसासारखे बोलणाऱ्या नव्या यंत्रांविषयी हाच प्रश्न आता पुढे येत आहे, आणि त्याचे उत्तर घाईने ‘हो’ किंवा ‘नाही’ असे देणे हे दोन्हीकडून अन्यायाचे ठरू शकते.

या सर्वांतून संपादक मंडळाने काढलेला निष्कर्ष असा आहे. अभ्यासाची पद्धत म्हणून जडवाद टिकला आहे, त्याने दिलेल्या ज्ञानाला पर्याय नाही, आणि त्याला सोडून मिळवलेली एकही खात्रीची माहिती आजवर कोणी पुढे आणलेली नाही. विश्वाविषयीचा अंतिम सिद्धान्त म्हणून मात्र त्याने जाणिवेच्या बाबतीत जे वचन दिले आहे ते अजून पाळलेले नाही, आणि देणे बाकी असताना ते फिटले असे लिहिणे विज्ञानाच्या शिस्तीत बसत नाही. पुढे ते फिटेल, की द्रव्याविषयीची कल्पनाच बदलावी लागेल, हे संशोधनाने ठरवायचे आहे. तोवर ‘अजून माहीत नाही’ हे उत्तर लाज न बाळगता देता आले पाहिजे, मग विचारणारे मूल असो की श्रोत्यांनी भरलेले सभागृह.

१९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली तेव्हापासून मराठी वाचकाने फराळासोबत गंभीर विचारही आवडीने स्वीकारला आहे, आणि त्याच भरवशावर हा अवघड विषय यंदा निवडला आहे. यातील मते पटली नाहीत तर वाचकांनी ती कारणांसह खोडून काढावीत, पटली तर अधिक कठोरपणे तपासावीत, आणि हा वाद घराघरांत सौजन्याने चालू ठेवावा, अशी विनंती आहे.